खवल्यामागची फांदी

यवतमाळ जिल्ह्यात जंगल म्हणजे साग. पाइन, देवदार बघायचे ते कॅलेंडरवर. पण वणीत वनस्पतिशास्त्र शिकवताना शंकूवाचून माझं कधी अडलं नाही. अंगणोअंगणी मोरपंखी होती. पोरं तिला विद्येचं झाड समजून वहीत ठेवतात. तिचा कोवळा शंकू बोरापेक्षा लहान, निळसर हिरवा. खवले बहुधा सहा, आणि प्रत्येकाच्या पाठीवर बाहेर वळलेला आकडा. ‘हा कशाला?’ हा माझा पहिल्या तासाचा प्रश्न.

आकडा म्हणजे एका पानाचं, छदाचं, उरलेलं टोक. स्वीडनच्या रुडॉल्फ फ्लोरिन यांनी १९३८ ते १९४५ या काळात जुने जीवाश्म तपासून मांडलं, की सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी शंकूतल्या प्रत्येक छदाच्या बगलेत चक्क एक बारकी फांदी होती. तिला पानं, मोजकी बीजांडं. ती आखडली, पानं घटली, एकमेकांना चिकटली आणि तिचा चपटा खवला झाला. पाइनमध्ये छद आणि खवला वेगळे दिसतात. मोरपंखीत दोन्ही एकजीव, छदाचं टोक तेवढं बाहेर. नर शंकू साधाच. त्यात ही भानगड नाही.

आमच्या वणीजवळच्या राजूर, उकणीचा कोळसाही फार अलीकडचा नाही, सुमारे २८ कोटी वर्षांचा, बराचसा ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या जंगलाचा. त्याच गोंडवनी थरांत, झारखंडच्या गिरिडीहकडे, बुरियाडिया हे सूचिपर्णी झाड सापडतं. अलाहाबादचे दिव्यदर्शन पंत आणि नौटियाल यांनी १९६७ मध्ये दाखवलं, की त्याची बीजांडं सुटी, साध्या फांदीवर. शंकूच नाही! फ्लोरिनच्या सरळ रांगेत हे झाड बसत नाही, म्हणून मला ते जास्त आवडतं.

दगडात जपलेले शंकू बघायचे तर नागपूरची टाकळी. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५०च्या दशकात तिथले जीवाश्म गोळा केले. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९३१ मध्ये टाकळीच्या शंकूंचं वर्णन केलं. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात ते दगड झाले होते. लाव्हाचा तोच काळा दगड आपल्या जिल्ह्याच्या बऱ्याच भागात आहे. विहीर खणताना त्यात चकमकीसारखी पट्टी लागली, तर घण घालण्याआधी एक तुकडा धुऊन बघा.