लाल कोपऱ्यातला माणूस : कॉम्प्युटरमधल्या मारामारीचा इतिहास आणि आमची हॉस्टेल लीग

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. तू कॉलेजात असताना जी 'एमएमए मॅनेजर लीग' चालवायचास, ती नेमकी काय भानगड होती? खोटे फायटर, खोट्या फाइट आणि तरी माणसं रात्री दोनपर्यंत जागतात, हे कसं? तर आज तेच सांगतो. पण सुरुवात आमच्या हॉस्टेलपासून नाही, १९६७ सालापासून करू या. कारण मी जी चूक केली, तिची मुळं मला तिथे सापडली.

अमेरिकेत मायामीला मरी वोरोनर नावाचा एक रेडिओ निर्माता होता. त्याच्या डोक्यात आलं, की वेगवेगळ्या काळातले हेवीवेट बॉक्सर एकमेकांशी लढले असते तर कोण जिंकलं असतं, हे कॉम्प्युटरला विचारू. त्याने १६ चॅम्पियन निवडले. बॉक्सिंगच्या जाणकारांकडून प्रत्येकाचा वेग, ठोशाची ताकद, मार खाण्याची क्षमता अशा गोष्टींचे आकडे गोळा केले, ते एनसीआर ३१५ नावाच्या यंत्रात घातले आणि जो निकाल आला त्यावरून रेडिओवर चक्क धावतं समालोचन केलं. अंतिम फेरीत रॉकी मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवलं.

आता गंमत बघा. याच स्पर्धेत मुहम्मद अली जुन्या काळातल्या जिम जेफ्रीजकडून हरला. त्याच वर्षी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्यामुळे अलीचा किताब काढून घेतला होता, लढायला बंदी होती. खऱ्या रिंगमध्ये त्याला कोणी हरवलेलं नव्हतं आणि इकडे एक यंत्र त्याला हरवत होतं! त्याने दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. शेवटी तडजोड झाली, ती अशी की अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर खोटी लढत करायची.

१९६९ मध्ये मायामीत हे चित्रण झालं. मार्सियानो तेव्हा ४५ वर्षांचा, रिंग सोडून तेरा वर्षं झालेली. त्याने त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर टोप चढवला. दोघे एक-एक मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या लुटुपुटीचं लढले. वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले, म्हणजे कॉम्प्युटर जे म्हणेल ते जोडता येईल. चित्रपट जानेवारी १९७० मध्ये लागला, पण मार्सियानो त्याआधीच, ३१ ऑगस्ट १९६९ ला विमान अपघातात गेला. अमेरिकेत दाखवलेल्या शेवटात तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकतो. युरोपात दाखवलेल्या एका आवृत्तीत मात्र अली जिंकतो. अली नंतर चेष्टेने म्हणायचा, की तो कॉम्प्युटर अलाबामात बनवलेला असणार. अलाबामा म्हणजे वर्णद्वेषासाठी बदनाम असलेलं राज्य. चेष्टा असली तरी मुद्दा नेमका आहे. यंत्र स्वतःहून काही ठरवत नाही. आकडे कोणी भरले, नियम कोणी लिहिले, यावर सगळं असतं.

हा धागा इथे ठेवा, आपण परत येणार आहोत.

दुसरा धागा फँटसी स्पोर्ट्सचा. १९६० मध्ये हार्वर्डमध्ये विल्यम गॅमसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने मित्रांबरोबर बेसबॉलचा एक खेळ सुरू केला. प्रत्येकाने खेळाडू 'विकत' घ्यायचे आणि मोसमभर त्या खेळाडूंच्या खऱ्या कामगिरीवर गुण मिळवायचे. नाव काय दिलं, तर 'बेसबॉल सेमिनार'! कोणी विचारलं तर जुगार वाटायला नको. १९६२ मध्ये ऑकलंड रेडर्स या फुटबॉल संघाचा एक भागीदार, बिल विंकनबाक, न्यूयॉर्कच्या हॉटेलात दोन सोबत्यांबरोबर बसला आणि फँटसी फुटबॉलचे नियम लिहिले. आणि १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट या संपादकाने 'रोटिसरी लीग' सुरू केली. नाव आलं ते मंडळी जिथे जेवायला जमायची त्या रेस्टॉरंटवरून. गॅमसनचा खेळ खेळलेले एक प्राध्यापक ओक्रेंटला मिशिगन विद्यापीठात भेटले होते, म्हणजे ही दोरी थेट जोडलेली आहे. १९८१ मध्ये बेसबॉलपटूंचा संप झाला. क्रीडा पत्रकारांकडे लिहायला काही नव्हतं, त्यांनी या लीगवर लिहिलं आणि खेळ देशभर पसरला.

मग प्रश्न येतो, की हेच एमएमएमध्ये का नाही जमलं? कारण साधं आहे. क्रिकेटर किंवा बेसबॉलपटू मोसमात ढीगभर सामने खेळतो. फायटर वर्षात दोन-तीनदा लढतो, आणि जखमी झाला तर तेही नाही. मोसमभर गुण साठवणार कुठून? शिवाय आकडेही नव्हते. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिलं यूएफसी झालं तेव्हा आठ फायटर, वजनी गट नाहीत, गुण देणारे पंच नाहीत. एकाच रात्री तिघांना हरवून रॉयस ग्रेसी जिंकला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर सगळ्या निकाली कुस्त्या, गुणांवर कुस्ती नाहीच. २००१ मध्ये न्यू जर्सीच्या आयोगाने एकसमान नियम स्वीकारले, तेव्हा पाच मिनिटांच्या फेऱ्या, साध्या लढतीला तीन आणि किताबाच्या लढतीला पाच, प्रत्येक फेरीला दहा-नऊ असे गुण, हे पक्कं झालं. त्यानंतर काही वर्षांनी फाइटमेट्रिकसारख्या कंपन्यांनी ठोसे आणि टेकडाउन एकेक करून मोजायला सुरुवात केली.

त्यामुळे एमएमएमध्ये दोन वाटा फुटल्या. पहिली वाट म्हणजे एका रात्रीपुरता संघ. ड्राफ्टकिंग्जचं उदाहरण घ्या, ५०,००० च्या काल्पनिक बजेटमध्ये सहा फायटर निवडायचे. जिंकण्याची शक्यता जास्त तो महाग, कमी तो स्वस्त. पहिल्या फेरीत निकाल लावला तर भरपूर गुण, पंचांच्या निर्णयावर जिंकला तर कमी.

दुसरी वाट मॅनेजर लीगची, आणि ती फँटसीपेक्षा वोरोनरच्या जास्त जवळची. १९८० च्या दशकात अमेरिकेत 'ड्युएलमास्टर्स' नावाचा पोस्टाने खेळायचा खेळ होता. तुम्ही पाच योद्ध्यांचे मॅनेजर. प्रत्येक योद्ध्याने कोणत्या मिनिटाला किती आक्रमक व्हायचं, किती हालचाल करायची, हे आकड्यांत लिहून पाठवायचं. कंपनीचा कॉम्प्युटर लढत लावणार आणि छापील वर्णन पोस्टाने तुमच्या घरी. कल्पना करा, आपला माणूस जगला की मेला हे पोस्टमनने सांगायचं! इंटरनेट आल्यावर हाच साचा एमएमएला लागला.

आमची लीग याच साच्यातली. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, हॉस्टेलचे बारा जण. प्रत्येकाला तीन फायटर. एका फायटरला शंभर गुण वाटायचे: ठोसे, लाथा, पकड, जमिनीवरचा खेळ, दम, मार सोसणं. सगळं ठोशात ओतलं तर दुसऱ्या फेरीत माणूस धापा टाकणार. आठवड्याला एकच गोष्ट शिकवायची. वय वाढलं की वेग उतरणार. जोड लावायचं काम माझं. माझे आजोबा जत्रेत कुस्त्यांच्या जोडी लावायचे, त्यामुळे घरात माझी भरपूर चेष्टा झाली. शनिवारी रात्री दहापर्यंत प्रत्येकाने लढतीचा आराखडा द्यायचा: उभ्याने लढायचं की खाली पाडायचं, मागे पडलो तर तिसऱ्या फेरीत काय. मग मी प्रोग्रॅम चालवायचो. प्रत्येक फेरीचे दहा-दहा सेकंदांचे तीस तुकडे, प्रत्येक तुकड्यात दोघांचे आकडे अधिक थोडं नशीब, आणि वर्णन एकेक ओळ करून ग्रुपवर. पैसे अजिबात नाहीत. एकदा कोणीतरी म्हणालं की डोकी पाचशे रुपये लावू, मजा येईल. तेव्हा निलेश म्हणाला, "पैसे आले की हा कोड कोण तपासणार?" विषय तिथेच संपला.

हा निलेश आमच्यातला सगळ्यात अभ्यासू मॅनेजर. वहीत प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या सवयी लिहून ठेवायचा. त्याचा एक पैलवान होता, 'बाजी' नावाचा, पकडीत जबरदस्त. बाजी किताबासाठी एकाच चॅम्पियनशी तीनदा लढला आणि तीनदा हरला. तिसऱ्यांदा तर शेवटच्या फेरीत. निलेशने मला खोलीवर येऊन विचारलं, "अरे, तुझ्या कोडमध्ये काही घोळ नाही ना?" मी जरा चिडूनच म्हणालो, "नशीब आहे रे, रँडम नंबर आहे." तो काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने ग्रुप सोडला.

त्यानंतर सहा-सात वर्षं गेली. गेल्या दिवाळीत जुनी हार्ड डिस्क साफ करताना तो कोड सापडला. नोकरीत दुसऱ्यांचा कोड तपासून तपासून आता नजर बसलीय. पंधरा मिनिटांत दिसलं. प्रत्येक तुकड्यात दोघांचा वार एकाच वेळी मोजायला हवा होता. मी मात्र आधी लाल कोपऱ्यातल्याचा वार मोजत होतो आणि त्यात समोरचा आडवा झाला, तर निळ्याचा वार मोजायच्या आधीच लढत बंद. म्हणजे दोघांचे ठोसे एकदम बसले असते, तरी जिंकणार लालच. अगदी सारखे आकडे असलेले दोन फायटर घेऊन दहा हजार वेळा लढवून बघितले. निम्म्या-निम्म्या लढती जिंकायला हव्या होत्या. लाल शंभरात चौपन्न-पंचावन्न जिंकत होता.

आता खरी गोम. एमएमएच्या रिवाजाप्रमाणे चॅम्पियनला लाल कोपरा मिळतो, मीही तोच नियम ठेवला होता. म्हणजे जो एकदा चॅम्पियन झाला त्याला माझा बग प्रत्येक लढतीत हात देत होता. तो जिंकायचा म्हणून लाल कोपऱ्यात राहायचा, आणि लाल कोपऱ्यात राहायचा म्हणून जिंकायचा. मी कोणाचीही बाजू घेतली नव्हती. दोन ओळींचा क्रम तेवढा चुकला होता. अलीची ती चेष्टा मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळली.

बग सुधारून त्या तीन लढती परत चालवाव्यात, असा मोह झाला. पण त्यात अर्थ नव्हता. एकदा चालवलं तर बाजी जिंकेल, दुसऱ्यांदा हरेल. वोरोनरसारखे माझ्याकडेही हवे तितके शेवट होते, त्यातला कोणता निवडायचा? जे झालं ते झालं होतं. माझ्या हातात एवढंच होतं, की ज्याने नेमका प्रश्न विचारला होता त्याला खरं उत्तर द्यायचं.

निलेशला फोन केला. तो आता नाशिकला असतो, एक मुलगी आहे. मी सगळं सांगितलं, दोन ओळींसकट. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी वेडा नव्हतो." एवढंच. मला वाटलं होतं हसेल किंवा शिव्या घालेल. हरल्याचं त्याला काही नव्हतं. आपण विचारलं आणि मित्राने उडवून लावलं, ते लागलं होतं.

जाता जाता एक गोष्ट. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद झाले आणि ड्रीम११ सारख्या मुंबईच्या कंपनीलाही पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. त्यावर तुमचं मत काहीही असो, निलेशचा तो जुना प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोड कोण तपासणार? आमच्याकडे पैसे नव्हते तरी एक मैत्री सहा वर्षं थंड पडली.

लीग पुन्हा सुरू केलीय, आठ जण आहेत. या वेळी कोड सगळ्यांना खुला आहे, आणि प्रत्येक बदल निलेशने बघितल्याशिवाय चालू होत नाही. बाजी आता चौतीस वर्षांचा धरलाय, वेग उतरलाय. पहिल्याच लढतीत पंचांच्या निर्णयावर हरला. निळ्या कोपऱ्यातून. निलेशने ग्रुपवर लिहिलं, "बरोबर हरला. दम कमी ठेवला होता मी."

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या!