चिंचणीचा ताम्रपट आणि गुणवंतांची पंगत

डहाणू तालुक्यांत, तारापूरच्या खाडीच्या उत्तरेस, चिंचणी हें समुद्रकांठचें जुनें गांव आहे. तेथें 1955 सालीं कांहीं ताम्रपट सांपडले. त्यांतील एक शके 848 चा, म्हणजे इ. स. 926 चा आहे. त्या काळीं राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र ह्याच्या वतीनें संयान मंडलाचा, म्हणजे आज गुजरातेंत असलेल्या संजाणच्या परिसराचा, कारभार मधुमति नांवाचा एक ताजिक, अर्थात् अरब, अधिपति पाहत होता. मधुमति हें मुहंमद ह्या नांवाचें संस्कृत रूप होय, असें विद्वान मानतात. त्यानें नद्यांवर मोफत तरी चालविल्या, अन्नछत्र घातलें, आणि अण्णैय नांवाच्या ब्राह्मणानें उभारलेल्या मठिकेस सम्राटाच्या अनुमतीनें एक गांव व कांहीं जमीन दिली. ह्या उत्पन्नाचा विनियोगही ताम्रपटांत नमूद आहे: मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य, आणि पंचगौडीय महापरिषदेंतील नऊ जणांचें भोजन.

दान देणारा परधर्मीय, घेणारी संस्था ब्राह्मणांची, आणि खर्च एका गांवाच्या उत्पन्नांतून, हा योग खरोखरच मनोहर आहे. परंतु त्यांतील नऊ हा आंकडा विसरतां कामा नये. गांवाच्या उत्पन्नांतून पोसावयाचीं माणसें नेहमीं मोजकींच असतात. म्हणून पंगतीस कोणाला बसवावयाचें, हा प्रश्न देणगीच्या पाठोपाठ येतोच.

महाराष्ट्रांत ह्या प्रश्नाचा मोठा झगडा पेशव्यांच्या दक्षिणेवरून झाला. सेनापति खंडेराव दाभाडे ह्यांनीं तळेगांवीं सुरू केलेला श्रावणमासांतील हा परिपाठ पुढें पेशव्यांनीं पुण्यास चालविला. विद्वानांची शास्त्रांत परीक्षा होऊन त्यांस वाड्यांत सन्मानानें दक्षिणा मिळे. बाकीच्या हजारों ब्राह्मणांस पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत ती वांटली जाई. म्हणजे गुणाची पारख होती, पण ती एका जातीच्या कुंपणाआंत होती. पेशवाई 1818 सालीं बुडाल्यावर एल्फिन्स्टननें दक्षिणा अजिबात मोडली नाहीं. तिच्याच पैशांतून 1821 सालीं पुण्यांत संस्कृत पाठशाळा निघाली.

ह्या कुंपणास पहिलें भगदाड 1849 सालीं पडलें. दक्षिणेचा कांहीं भाग उपयुक्त मराठी ग्रंथ लिहिणारांस द्यावा, असा अर्ज लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख ह्यांच्या पुढाकारानें सरकारकडे गेला. पुण्याच्या शास्त्रीमंडळींत मोठा क्षोभ उसळला. तरीही 1851 सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली. पुढें ह्याच निधींतून दक्षिणा फेलो नेमण्यांत आले, आणि रानडे, भांडारकर व तेलंग ह्यांच्यासारखे तरुण त्या आधारावर अभ्यास करूं शकले. महात्मा फुले व त्यांचे सहकारी चालवीत असलेल्या मुलींच्या शाळांनाही ह्या निधींतून दरमहा 75 रुपये मिळूं लागले. मात्र फुल्यांनीं 1855 सालीं लिहिलेलें ‘तृतीय रत्न’ हें नाटक ह्याच कमिटीनें नाकारलें. शाळेस पैसा देणें सोपें गेलें; त्या शाळेमागील बुद्धीस विद्वान म्हणून मान देणें मात्र जड गेलें.

विसाव्या शतकांत सयाजीराव गायकवाडांनीं बडोदें संस्थानाच्या तिजोरींतून भीमराव आंबेडकरांस कॉलेजासाठीं दरमहा 25 रुपये दिले, आणि 1913 सालीं शिष्यवृत्ति देऊन त्यांस अमेरिकेस पाठविलें. जो विद्यार्थी जुन्या रमण्याच्या दारांतही उभा राहूं शकला नसता, त्याच्याच हातून पुढें स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा सिद्ध झाला. पंगत रुंदावल्यानें समाजाचें काय साधतें, ह्याचा ह्याहून मोठा दाखला शोधण्याचें कारण नाहीं.

परंतु परीक्षेच्या दारापर्यंत जें मूल पोंचतच नाहीं, त्याची पारख कशी व्हावी? ह्याचें उत्तर शोधण्याचा प्रयत्न चिंचणीच्याच तालुक्यांत झाला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ ह्यांनीं 1945 सालीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें आणि पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेलें. आदिवासी मुलें गुरें राखावयास जात, तेव्हां त्यांनीं शाळाच कुरणांत नेली, तीच कुरणशाळा. त्याच तालुक्यांतील गंजाडच्या जिव्या सोमा मशे ह्यांची चित्रकला कोणत्याही परीक्षेंत मोजली गेली नव्हती. भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या वतीनें वारली पाड्यांवर आले, तेव्हां तिची ओळख बाहेर पटली. मशे ह्यांस 1976 सालीं राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 सालीं पद्मश्री मिळाली.

शिष्यवृत्त्या आजही दिल्या जातात, आणि त्या दिल्याच पाहिजेत. पण हुशार मुलास पैसा पुरविणें हें अर्धेंच काम होय. तें मूल कोठें आहे हें शोधावयास जाणें हें दुसरें अर्धें. मधुमतीनें मठिकेस गांव दिलें आणि नदीवर तरही ठेवली. पंगत मांडणारानें पलीकडच्या तीरावर कोण उभें आहे, हेंही पाहिलें पाहिजे.