ए.बी. रोड: रुंदी मोजली, ओलांडणं राहिलं

आपल्या इंदूरचा ए.बी. रोड म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता. 2013 साली त्याच्या मधोमध बीआरटीएसची आय-बस धावू लागली, निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत, साधारण साडेअकरा किलोमीटर. बसला वेगळी मार्गिका मिळाली, प्रवास झटपट झाला, हे मान्य. पण थांबे रस्त्याच्या मध्यात. पलासिया असो की गीता भवन, बस धरायची तर आधी अर्धा रस्ता ओलांडा, उतरल्यावर पुन्हा तेच. म्हाताऱ्या माणसाची खरी परीक्षा बसच्या बाहेरच व्हायची.

बँकेत कर्ज मंजुरीआधी पाहणी होते, नंतर तपासणी, मग ऑडिट. रस्त्याच्या सुरक्षेचंही असंच ऑडिट असतं. ब्रिटनमध्ये 1980 च्या दशकात ते सुरू झालं. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसची त्यावरची पुस्तिका 2010 मध्ये आली. नकाशा कागदावर असताना, काम चालू असताना आणि रस्ता खुला होण्याआधी, आराखड्याशी संबंध नसलेल्या त्रयस्थाने तो तपासायचा, दिवसा आणि रात्रीही. कागदावरची चूक खोडता येते. काँक्रीटमधली फोडावी लागते.

फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने बीआरटीएस हटवायला परवानगी दिली. आता दुभाजक, पूल यांच्या नव्या योजना येतायत. गाड्या किती वेगाने जातील एवढंच विचारू नका. शाळकरी पोरं आणि काठीवाले आजोबा कुठून ओलांडणार, सिग्नल किती सेकंदांचा, हे काम सुरू होण्याआधी आपल्या नगरसेवकाला विचारा.