गुंगीची वंशावळ

अंगावर पित्त उठलं किंवा शिंका थांबेनात, की एव्हिलची किंवा सीपीएमची गोळी घ्यायची आणि तासाभरात पेंगायला लागायचं. या गुंगीला सगळे दुष्परिणाम म्हणतात. माझं ठाम मत आहे की मनोविकारांवरच्या आधुनिक औषधांचं कूळ याच गुंगीपर्यंत पोचतं.

आरंभ सर्वांना ठाऊक आहे: 1937 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बोव्हे आणि स्टाउब यांनी हिस्टमिनला अडवणारं पहिलं रसायन शोधलं, 1946 साली अमेरिकेत बेनाड्रिल आलं. खरी गोष्ट पुढे आहे. रोन-पूलांक या फ्रेंच कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी प्रोमेथाझिन बनवलं, म्हणजे आपलं फेनर्गन. नौदलातले शल्यचिकित्सक आंरी लाबोरी शस्त्रक्रियेतला शॉक टाळायला ते वापरू लागले. रुग्ण पेंगत होतेच, पण त्याहून ठळक होतं ते त्यांचं शांत, अलिप्त होणं. 11 डिसेंबर 1950 रोजी शार्पांतिए यांनी त्याच कुळातलं क्लोरप्रोमाझिन तयार केलं आणि 1952 मध्ये पॅरिसच्या सँत-आन रुग्णालयात दले व देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना द्यायला सुरुवात केली.

श्रेय कुणाचं, यावर वाद आहे. लाबोरींचे पाठीराखे म्हणतात, त्यांच्या निरीक्षणावाचून हे घडलं नसतं. कंपनीची बाजू अशी, की मेंदूवर परिणाम करणारा रेणू शोधायचं काम 1950 च्या शरद ऋतूतच सुरू झालं होतं. लाबोरींच्या हाती नमुना आला तो 1951 मध्ये. तारखा कंपनीच्या बाजूने आहेत, हे मान्य. पण कंपनी तरी मेंदूकडे का वळली? तिच्याच ॲलर्जीच्या औषधांनी लोक पेंगत होते म्हणून. दोघांनाही वाट दाखवली ती गुंगीनेच.

तिसरा पक्ष हे कूळ रंगांच्या कारखान्यात नेतो. मेथिलीन ब्लू 1876 चं, त्याच्या रचनेचा माग काढताना बेर्न्टसेन यांना 1883 मध्ये फेनोथायझिन सापडलं आणि क्लोरप्रोमाझिनचा सांगाडा तोच. सांगाडा खरा, पण तो हाती असून मनोविकारांवरचं टिकाऊ औषध निघायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली. आणखी एक आक्षेप जड आहे: क्लोरप्रोमाझिनचा गुण डोपामिन अडवण्यात आहे, हिस्टमिन अडवण्यात नाही. कबूल. माझा दावा वाटेबद्दलचा आहे, ती वाट कुठे पोचली याबद्दलचा नाही.

आणि मूळ गुंगी? मेंदूत खोलवर, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात हिस्टमिनच्या पेशी आपल्याला जागं ठेवतात. जुन्या गोळ्या मेंदूत शिरून तिथलंही हिस्टमिन अडवतात. फेक्सोफेनाडिनसारखी नवी औषधं मेंदूत जवळपास पोचतच नाहीत. आयोवात 40 जणांवर झालेल्या आणि 2000 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हा फरक वाहन चालवण्याच्या आभासी यंत्रावर तपासला गेला. फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांनी औषधाचा अंश नसलेली गोळी घेतलेल्यांइतकीच नीट गाडी चालवली. बेनाड्रिलमधलं डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांची गाडी मद्य घेतलेल्यांपेक्षाही वाईट चालली. झोप किती येतेय हे प्रत्येकाला विचारलंही होतं, पण त्या उत्तरावरून कोण वाईट चालवेल हे नीट सांगता येत नव्हतं.