कॉर्डलेस विद्युत हत्यारे : वापरताना घ्यावयाची दक्षता

भिंतीला छिद्र पाडणारे ड्रिल, स्क्रू पिळणारे यंत्र, लोखंड व फरशी कापणारा ग्राइंडर, लाकडासाठीची गोल करवत ही हत्यारे पूर्वी लांब वायरीने सॉकेटला जोडावी लागत. आता यांपैकी बहुतेक हत्यारे पुन्हा पुन्हा चार्ज करता येणाऱ्या बॅटरीवर चालतात. सुतार, प्लंबर, वातानुकूलन यंत्रे बसविणारे तंत्रज्ञ यांच्या पिशवीत ती असतातच. शहरांतील अनेक घरांतही आता एखादे कॉर्डलेस ड्रिल आढळते. वायर नाही म्हणजे धोका कमी, असा समज त्याबरोबर रूढ झाला आहे. वायरीत अडखळून पडणे, ओल्या जागी वायरीचे आवरण फाटून धक्का बसणे हे प्रकार टळले हे खरे. परंतु पात्याचा वेग आणि मोटारीचा जोर तोच राहिला आहे, आणि बॅटरीचा म्हणून एक नवा धोका त्यात मिळाला आहे.

बॅटरीवर चालणारे पहिले ड्रिल ‘ब्लॅक अँड डेकर’ या अमेरिकी कंपनीने १९६१ मध्ये आणले. त्यातील निकेल-कॅडमियम बॅटरीची शक्ती बेताचीच होती. १९७१ मध्ये ‘अपोलो १५’ मोहिमेत चंद्राच्या पृष्ठभागात छिद्र घेण्यासाठी बॅटरीवरील ड्रिल वापरण्यात आले. जमिनीत रुतून बसलेली नळी ओढून काढण्यासाठी डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन या दोघांना मिळून जोर लावावा लागला होता. ड्रिल अडकण्याची तक्रार चंद्रावरही चुकली नाही! २००५ च्या सुमारास मोठ्या हत्यारांत लिथियम-आयन बॅटरी येऊ लागली आणि कॉर्डलेस हत्यारे वायरीच्या हत्यारांच्या तोडीस तोड झाली.

बॅटरी काढणे म्हणजेच प्लग काढणे

वायरीचे हत्यार वापरणारा जाणता कारागीर पाते बदलण्यापूर्वी प्लग काढतो. कॉर्डलेस हत्यार मात्र आपला वीजपुरवठा सदैव बरोबर बाळगते. टेबलावर ठेवलेले, पिशवीत कोंबलेले किंवा शिडीवरून दुसऱ्याच्या हाती दिले जाणारे हत्यार खटका दाबला जाताच सुरू होऊ शकते. म्हणून बिट वा पाते बदलताना, अडकलेला कपचा काढताना, हत्यार साफ करताना आणि काम संपल्यावर बॅटरी काढून वेगळी ठेवणे हा या हत्यारांचा पहिला नियम आहे. ड्रिलमध्ये मागे-पुढे फिरण्याचे जे बटण असते, ते मधल्या स्थितीत आणल्यास खटका दाबला जात नाही. दोन छिद्रांमधल्या वेळेत ही सोय उपयोगी पडते. बॅटरी काढण्याला मात्र तो पर्याय नव्हे. मुले असलेल्या घरात बॅटरी आणि हत्यार वेगवेगळ्या जागी, शक्यतो कुलपात असावे.

ग्राइंडर : सर्वांत धोक्याचे हत्यार

चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला साधारण ८,००० ते ११,००० फेरे घेते. ९,००० फेरे धरले तरी चकतीच्या कडेचा वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर होतो. चकती फुटली तर तिचे तुकडे याच वेगाने सुटतात, आणि ते अडविण्यासाठी चकतीवर लोखंडी गार्ड असते. आपल्याकडे अनेक कामांच्या जागी हे गार्ड पहिल्याच दिवशी काढून टाकलेले दिसते. ‘कोपऱ्यात हात पोहोचत नाही’ किंवा ‘मोठी चकती बसत नाही’ ही त्याची नेहमीची कारणे. यांतील दुसरे कारण विशेष घातक आहे. मोठ्या चकतीची वेगमर्यादा कमी असते आणि लहान ग्राइंडरवर ती मर्यादा ओलांडली जाते. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावणे तर सर्वथा टाळले पाहिजे. लाकडात दात अडकताच हत्यार उसळून चेहऱ्याकडे किंवा मांडीकडे येते.

कापण्याच्या चकतीच्या मध्यभागी असलेल्या धातूच्या कड्यावर सामान्यतः वापराची अंतिम मुदत छापलेली असते. चकतीतील कण धरून ठेवणारी राळ काळानुसार व ओलाव्याने कमजोर होते. मुदत संपलेली, पडलेली वा तडा गेलेली चकती दिसायला नवी असली तरी वापरू नये.

डोळ्यांवर बाजूनेही बंद असणारा चष्मा आवश्यक आहे. नेहमीचा नंबराचा चष्मा त्याची जागा घेऊ शकत नाही. डोळ्यात बारीक कण गेल्यास डोळा चोळू नये. कण रुतला असल्यास तो उपटण्याचा प्रयत्न न करता डोळ्यावर दाब येणार नाही असे आवरण ठेवून नेत्रतज्ज्ञाकडे जावे. बोट तुटल्यास जखम दाबून रक्तस्राव थांबवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवून रुग्णालयात न्यावी. तो भाग थेट बर्फाला लागू देऊ नये.

फरशी, ग्रॅनाइट आणि स्वयंपाकघरातील ओट्यासाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग बरा होत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या वापरावर बंदी घातली आहे. तोंडाला रुमाल बांधणे या धुळीपुढे निरुपयोगी ठरते. एन-९५ दर्जाचा मास्क आणि धूळ ओढून घेणारी व्यवस्था हवी.

भिंतीतील वीज आणि ड्रिलचा पीळ

कॉर्डलेस ड्रिल वापरताना विजेचा धक्का बसतच नाही, हेही खरे नाही. भिंतीत दडलेल्या २३० व्होल्टच्या वायरीत बिट शिरले तर ड्रिलच्या पुढच्या धातूच्या भागात वीज उतरू शकते. वायरी सहसा स्विचबोर्डापासून सरळ उभ्या किंवा आडव्या रेषेत नेलेल्या असतात. त्या रेषा टाळाव्यात. येथे कॉर्डलेस हत्याराचा एक मोठा लाभ आहे. घराचा मुख्य स्विच बंद करून, दिवसाच्या उजेडात काम करता येते. या सोयीचा उपयोग फारच थोडे लोक करतात.

दुसरा धोका पिळाचा. ६० न्यूटन-मीटर पीळ देणाऱ्या ड्रिलचे बिट काँक्रीटमधील सळईत अडकले, तर फिरण्याची पाळी ड्रिलवर येते. मुठीवर, म्हणजे आसापासून सुमारे १५ सेंटिमीटरवर, ४० किलो वजनाइतका झटका मनगटाला बसतो. ३० सेंटिमीटर लांबीची बाजूची मूठ लावून धरल्यास तो निम्मा होतो. शिडीवर उभे असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. फिरत्या बिटाजवळ सैल सुती हातमोजे, ओढणी, पदर, गळ्यातील दोरा, मोकळे केस असू नयेत.

बॅटरीची काळजी

१८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच घट एकापुढे एक जोडलेले असतात. हीच बॅटरी काही कंपन्या ‘२० व्होल्ट’ म्हणून विकतात. ‘४८’ किंवा ‘८८’ असे आकडे मिरविणाऱ्या स्वस्त हत्यारांतही पुष्कळदा पाचच घट निघतात. या आकड्यांपेक्षा बॅटरी व चार्जर एकाच उत्पादकाचे आहेत का, हे पाहणे अधिक मोलाचे आहे. बॅटरीतील नियंत्रक पट्टी प्रत्येक घटाच्या चार्जिंगवर लक्ष ठेवते. बाजारात घट बदलून दिलेल्या बॅटऱ्यांत ही पट्टी कधी निकामी, कधी गायबच असते.

लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली किंवा सुमारे ४५ अंशांवर चार्ज करू नये. नागपूर वा दिल्लीच्या मे महिन्यात बंद मोटारीच्या डिकीत राहिलेली बॅटरी आधी सावलीत निवू द्यावी. चार्जर फरशीसारख्या न जळणाऱ्या जागेवर ठेवावा. गादीवर, कपड्यांवर वा बाहेर पडण्याच्या वाटेत नको. रात्री सर्व झोपलेले असताना चार्जिंग टाळावे. खिळे व स्क्रू यांच्या डब्यात सुटी बॅटरी टाकल्यास टोके जोडली जाऊन शॉर्ट सर्किट होते.

फुगलेली, आपटलेली, विचित्र वास येणारी बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. धूर किंवा फुसफुस सुरू झाल्यास शक्य असेल तर मुख्य स्विच बंद करून सर्वांनी खोलीबाहेर पडावे आणि १०१ किंवा ११२ वर कळवावे. हा धूर विषारी असतो. विझल्यासारखी वाटणारी बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून अग्निशमन दल तिला भरपूर पाण्याने थंड करते.

विमानप्रवासात सुट्या बॅटऱ्या केबिनमधील सामानातच न्याव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० वॉट-तासांची भरते. १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची संमती आवश्यक असते.

निकामी बॅटरीसाठी २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत. ती परत घेऊन पुनर्वापरास पाठविण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे किंवा संकलन केंद्रावर द्यावी. घंटागाडीत टाकलेली बॅटरी कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडली गेली की तेथेच पेट घेते.