खड्डा की विहीर? कोलोरॅडोच्या खडीखाणी आणि भूजलाचा हिशेब

१/ नदीकाठी खडीसाठी खोल खड्डा खणला. तळाशी पाणी लागले आणि खड्ड्याचे तळे झाले. ते पाणी कोणाच्या शेतात गेले नाही, कोणाच्या घरी पोहोचले नाही. तरीही खाणमालकाने पाणी घेतले, असे म्हणता येईल काय? अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये याचे उत्तर दिले. त्या उत्तराची मुळे शतकभर मागे जातात. #थ्रेड

२/ रॉकी पर्वताच्या पूर्व पायथ्याशी वर्षाकाठी पंधरा इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तेथील शेती जगते ती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. साउथ प्लॅट ही तेथील मुख्य नदी आणि कॅश ला पूडर ही तिची उपनदी. फ्रेंच व्यापाऱ्यांनी काठावर बंदुकीची दारू लपवून ठेवली, त्यावरून पूडरला हे नाव पडले, असे सांगतात.

३/ १८७० मध्ये पूडरच्या खालच्या टप्प्यात ग्रीली ही वसाहत उभी राहिली आणि तिने नदीतून पाट काढले. दोन वर्षांनी वरच्या अंगाला, फोर्ट कॉलिन्स येथे, दुसरी वसाहत आली. तिनेही पाट काढले. १८७४ च्या उन्हाळ्यात ग्रीलीपाशी नदी आटली. आधी आलेल्यांची पिके सुकू लागली आणि नंतर आलेल्यांच्या शेतांत पाणी खेळत होते.

४/ सोन्याच्या शोधात आलेल्या खाणकामगारांनी ‘जो आधी वापरील, त्याचा हक्क आधी’ हा रिवाज पूर्वीच रुजवला होता. १८७६ च्या राज्यघटनेने त्याला घटनात्मक स्थान दिले. टंचाईत जुन्या हक्कदाराचे पाणी पुरे झाल्याखेरीज नव्याने नदीला हात लावायचा नाही, असा नियम ठरला.

५/ परंतु हा नियम प्रदीर्घ काळ नदीच्या पृष्ठभागावरच लक्ष ठेवून होता. दुसऱ्या महायुद्धानंतर काठच्या गाळाच्या थरांत पंपांच्या विहिरी वाढल्या. हे थर नदीशी जोडलेले असतात. विहिरीतून उपसलेले पाणी उशिरा का होईना, नदीच्या खात्यातूनच वजा होते. १९६९ च्या कायद्याने अशा विहिरी त्याच क्रमवारीत आणल्या. नंतरच्या विहिरीला उपसा करायचा असेल, तर तेवढी भरपाई नदीला देण्याची योजना न्यायालयात मंजूर करून घ्यावी लागे.

६/ खडी आणि वाळू मिळते तीही याच थरांत. शहरे वाढली, काँक्रीटची मागणी वाढली आणि नदीकाठी खाणी पसरल्या. जेथे उत्तम खडी, तेथेच भूजल, हा निसर्गाचाच योग होता.

७/ खाण पाणी तीन मार्गांनी खाते. खडी धुण्यासाठी व धूळ बसवण्यासाठी पाणी लागते, शिवाय ओल्या मालाबरोबरही ते बाहेर जाते. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी सतत उपसा केला की शेजारच्या विहिरींची पातळी उतरते. तिसरा मार्ग खाण बंद झाल्यावरही चालू राहतो: उघड्या पडलेल्या भूजलाचे बाष्पीभवन.

८/ हे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, आकड्यांत दिसते. एक हेक्टर तळ्यावरून वर्षभरात एक मीटर जाडीचा थर उडून गेला, तर ते एक कोटी लिटर पाणी होते. जमिनीखाली झाकलेले पाणी उन्हात उघडे पडते आणि खालच्या शेतकऱ्याच्या पाटात तेवढे कमी पोहोचते.

९/ १९८८ च्या खटल्यात एका बाजूला थ्री बेल्स रँच होती आणि दुसऱ्या बाजूला पूडरच्या पाणीवापरकर्त्यांची संघटना. पेच असा होता: खाणीचा हेतू खडी काढणे हा असतो, मग तिला विहीर कसे म्हणावे? कायद्यातील व्याख्या मात्र हेतूवर थांबत नव्हती. परिणामालाही तेवढेच महत्त्व देत होती. भूजल उघडे करणारा खड्डा ही विहीरच आहे, असा निर्णय झाला.

१०/ एका शब्दाने चित्र पालटले. विहीर म्हटल्यावर परवाना आला. ६०० फुटांच्या आतील इतर विहिरींचा विचार आला. बाष्पीभवनाची भरपाई आली. १९८९ मध्ये विधिमंडळाने यासाठी कायदा केला; मात्र १ जानेवारी १९८१ पूर्वी उघड्या पडलेल्या पाण्याला भरपाईतून सूट दिली.

११/ भरपाईचे पाणी महाग, म्हणून खाणींनी भूजलापासून अलग होण्याचा मार्ग धरला. खाणीभोवती खालच्या अभेद्य शेल खडकापर्यंत चर खणायचा आणि त्यात माती व बेंटोनाइट चिकणमातीचे मिश्रण भरायचे. ही भूमिगत भिंत बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही. खडी संपल्यावर तोच खड्डा जलाशय होतो. डेन्व्हर शहराच्या उत्तरेस अशा जुन्या खाणींत आज शहराचे पाणी साठवले जाते.

१२/ या उपायाचेही ओझे आहे. भिंत भूजलाची वाट अडवते: वरच्या बाजूला पाणी चढते, खालच्या बाजूला उतरते. म्हणून भिंतीभोवती पाणी वळवणारे भूमिगत निचरे बांधावे लागतात.

१३/ आणि १९८१ पूर्वीच्या तळ्यांचे काय? त्यांच्यावरूनही तेवढेच पाणी उडते. फक्त ते कोणाच्या नावावर मांडले जात नाही. ग्रीलीच्या शेतकऱ्यांनी १८७४ मध्ये वरच्या वसाहतीकडे बोट दाखवले होते. या तळ्यांबाबत बोट दाखवायला कोणी उरलेले नाही. ती तूट नदी मुकाट्याने सोसते.