बाळाची यादी: महाड, मुंबई आणि शंभर वर्षं

घरात बाळ येणार हे नक्की झालं की आजकाल सगळ्यात आधी यादी तयार होते. शॉपिंगच्या ॲपवर ‘नवजात बाळ’ एवढं टाइप केलं तरी स्क्रोल संपत नाही. बाटल्या निर्जंतुक करायचं मशीन, ओले वाइप्स गरम ठेवायचा डबा, डोकं गोल करणारी उशी, वॉकर, पावडर-लोशनचा गिफ्ट पॅक. याउलट आमच्या पोलादपूरकडच्या वाडीवरची जुनी यादी एका गाठोड्यात मावायची: जुन्या लुगड्याची दुपटी, तिकोनी लंगोट, टोपडं, कुंची, एक वाकळ, दूध पाजायचं बोंडलं, गुटी उगाळायची सहाण आणि वाशाला टांगलेली झोळी.

या दोन याद्या शेजारी ठेवल्या की घरात हमखास वाद होतो. “आमच्या वेळी कुठे होती ही थेरं?” असं एक पिढी म्हणते. “तुमच्या वेळी पोरं जगायची किती?” असं दुसरी म्हणते. दोन्ही वाक्यं अर्धी खरी आहेत. बहिणीसाठी यादी करायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं आणि प्रत्येक वस्तूपुढे एक प्रश्न लिहिला: ही वस्तू कोणाचं काम करते, आणि ते काम करणारं माणूस कुठे गेलं? उत्तरं शोधताना मी १९२१ सालच्या मुंबईत जाऊन पोचलो.

त्या वर्षी मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ बाळं वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. म्हणजे तीनातली दोन. हा आकडा वाचून पोटात गोळा येतो, पण त्यात एक बग आहे आणि तो थेट आपल्या भागाशी जोडलेला आहे. गिरण्यांत काम करणारी बरीच माणसं कोकणातली आणि घाटावरची. बाई बाळंतपणाला गावी जायची, बाळाला घेऊन काही महिन्यांनी मुंबईच्या चाळीत परतायची. बाळाचा जन्म मुंबईच्या नोंदवहीत यायचा नाही, मृत्यू मात्र यायचा. छेद लहान, अंश मोठा. खरा दर याहून कमी असणार. तरीही तो भयंकरच होता, कारण एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत परिस्थिती आणखी वाईट होती.

मग चाळीतल्या त्या बाळाच्या यादीत काय होतं? एक वस्तू हमखास होती: बाळगोळी. म्हणजे अफूची गोळी. गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला सरकारने डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंना नेमलं होतं. त्यांनी १९२२ साली लिहिलं की गिरणीत जाणाऱ्या आयांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बाळांना अफू दिली जाते. आपण आज वाचताना चटकन त्या आयांना दोष देतो. पण माझा एक्सेलमधला प्रश्न इथे लावून बघा. बाळगोळी कोणाचं काम करत होती? आईचं. आई कुठे होती? साच्यावर. दहा तास बाळ रडलं तर त्याला घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून त्याला झोपवून ठेवणारी वस्तू लागत होती. बाळाला अफूची गरज नव्हती, गिरणीच्या भोंग्याला होती.

हे ज्यांनी ओळखलं त्यांच्यातले दोघं आपल्या परिसराशी बांधलेले आहेत. पहिले ना. म. जोशी. मुंबईत लोअर परळला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तो सगळ्यांना माहीत असतो. ते मूळचे गोरेगावचे. मुंबईतलं गोरेगाव नव्हे, माणगाव तालुक्यातलं, महाडच्या अलीकडचं. लोणेऱ्याला इंजिनीअरिंग करताना चार वर्षं मी त्या गावाच्या फाट्यावरून ये-जा केली, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. जोशींनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात प्रसूतिरजेचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते मुंबईहून बोटीने निघून दासगावला उतरले आणि महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. हे आपण शाळेत शिकतो. पण त्यानंतर सातच महिन्यांनी, जुलै १९२८ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकावर ते उभे राहिले, हे फार कमी जणांना माहीत असतं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमातून मालकाला फायदा होतो तेव्हा त्यानेही वाटा द्यावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. भारतातला या प्रकारचा तो पहिला कायदा. सात आठवडे, दिवसाला आठ आणे.

सात आठवडे आज थोडे वाटतात. पण बाळाच्या यादीत ही नवी ‘वस्तू’ पहिल्यांदाच कायद्याने आली: आईचा वेळ. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने तो बारा आठवडे केला, २०१७ च्या दुरुस्तीने सव्वीस.

आता बाटलीकडे वळू. स्वित्झर्लंडच्या वेव्हे गावात हेन्री नेस्ले यांनी १८६७ च्या सुमारास बाळांसाठी दूध-पिठाचं मिश्रण विकायला सुरुवात केली. आपल्याकडे म्हशीच्या दुधापासून बाळाला पचेल अशी पावडर करण्याचं तंत्र म्हैसूरच्या अन्नतंत्रज्ञान संस्थेने शोधलं आणि १९६० च्या आसपास अमूलने ती बाजारात आणली. ज्या बाळाला आईचं दूध मिळूच शकत नाही त्याच्यासाठी हा शोध मोलाचाच. गडबड झाली ती ज्यांना गरज नव्हती त्यांना ती विकली गेली तेव्हा. पावडर विकत घेता येते, पण तिच्याबरोबर स्वच्छ पाणी, इंधन आणि बाटली उकळायला वेळ हेही लागतं, आणि ते डब्यात येत नाही. गरीब देशांत पातळ केलेलं, दूषित पाण्यातलं दूध पिऊन बाळं आजारी पडू लागली. १९७४ साली ब्रिटनमधल्या ‘वॉर ऑन वाँट’ संस्थेने यावर ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध आंतरराष्ट्रीय संहिता केली आणि १९९२ मध्ये भारताने कायदा केला. तुम्ही टीव्हीवर चॉकलेटपासून साबणापर्यंत सगळ्याच्या जाहिराती बघता, पण तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीची कधी बघत नाही, ते या कायद्यामुळे. दुधाच्या बाटल्यांच्या जाहिरातीलाही हीच बंदी आहे.

पाण्याचा मुद्दा महाडकरांना वेगळा समजवायला नको. जुलै २०२१ च्या पुरात अख्खं शहर पाण्यात होतं आणि प्यायला पाणी नव्हतं. त्याच २२ जुलैला तळियेवर दरड कोसळली. अशा वेळी मदतीच्या ट्रकमध्ये कोणीतरी चांगल्या मनाने दुधाची पावडर आणि बाटल्या टाकतं. इंडोनेशियात योग्याकार्ताला मे २००६ मध्ये भूकंप झाला तेव्हा नेमकं हेच झालं. ज्या लहान मुलांना अशी पावडर मिळाली त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या दुप्पट निघालं. पुरात बाटली बाळासाठी धोका आणि आईचं अंगावरचं दूध सगळ्यात सुरक्षित. पुढच्या वेळी मदतीची यादी करताना हे लक्षात ठेवा: आईला जेवण, पाणी आणि आडोसा द्या. डॉक्टरने वरचं दूध सांगितलंच असेल तर वाटी-चमचा बरा. तो घासता येतो, उकळता येतो. आज्यांचं बोंडलं निमुळतं असलं तरी उघडं असायचं, यात शहाणपण होतं.

मात्र जुनं ते सगळं सोनं नाही. ग्राइप वॉटर इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला १८५१ साली विल्यम वुडवर्डने बनवलं आणि कितीतरी दशकं त्यात अल्कोहोल असायचं. बाळ शांत होण्याचं निदान एक कारण तेच. गुटी, मध, काजळ, धुरी हीसुद्धा त्याच रांगेतली. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं सापडलेलं आहे. धुरीचा धूर कोवळ्या फुप्फुसांत जातो. डोकं गोल करणारी राळ्याची उशी असो की ऑनलाइन मिळणारी फोमची, दोन्ही नकोत. बाळाला उताणं, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय निजवा. १९९० च्या दशकात हा सल्ला ब्रिटन-अमेरिकेत पसरला आणि झोपेत अचानक होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली आले. वॉकर तर कॅनडाने २००४ मध्ये विकायलाच बंदी घातली: मुलं त्यातून जिन्यावरून पडतात आणि चालायला लवकर शिकत नाहीत ती नाहीतच. आपला लाकडी पांगुळगाडा निदान मुलाला स्वतः उभं राहून ढकलावा लागतो.

मग बाळाला जगवतं काय? याचं उत्तर गडचिरोलीत मिळालं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, श्वास अडलेल्या बाळासाठी साधं उपकरण, ऊब देणारी झोपायची पिशवी आणि जंतुसंसर्गावरची औषधं होती. १९९३ ते ९५ मध्ये तिथे हजारी ६२ नवजात बाळं दगावत होती, १९९७-९८ पर्यंत ती संख्या सुमारे २५ वर आली. हा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि २०११ पासून आशाताई घरोघरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करू लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. कमी वजनाच्या बाळासाठी आणखी स्वस्त उपाय कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी १९७८-७९ मध्ये शोधला. इन्क्युबेटर पुरत नव्हते, म्हणून त्यांनी बाळ आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवलं. ‘कांगारू’ पद्धत म्हणतात ती हीच.

सरकारांनीही याद्या केल्या आहेत. फिनलंडने १९३८ पासून गरीब आयांना बाळाच्या कपड्यांची पेटी दिली आणि १९४९ पासून सगळ्यांना, पण एका अटीवर: चौथा महिना संपायच्या आत तपासणीला यायचं. पेटी हे आमिष होतं, खरी भेट तपासणीची होती. महाराष्ट्राने २०१९ मध्ये पहिल्या बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात येणाऱ्या आईसाठी सुमारे दोन हजार रुपयांचं बेबी केअर किट सुरू केलं. कपडे, गादी, टॉवेल, मच्छरदाणी, थर्मामीटर, ब्लँकेट, नेलकटर. ही यादी ॲपपेक्षा वाडीवरच्या गाठोड्याला जास्त जवळची आहे, आणि त्यातल्या मच्छरदाणी-थर्मामीटरची भर योग्य आहे.

तर माझ्या एक्सेलचा शेवटचा कॉलम असा भरला. घ्या: धुऊन मऊ झालेलं भरपूर सुती कापड, टोपडं, पायमोजे, ऊबदार पांघरूण, मच्छरदाणी, थर्मामीटर, वाटी-चमचा. डायपर घ्यायचे का? पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जुलैत लंगोट चुलीवरच्या दोरीवरही वाळत नाहीत. ओल्या लंगोटापेक्षा रात्रीपुरता डायपर केव्हाही बरा, उगाच तत्त्व पाळू नका. झोळी जागेपणी, कोणी शेजारी असताना. सोडा: वॉकर, उशी, पावडर, ग्राइप वॉटर, काजळ, वाइप्सचा डबा. आणि फोनमध्ये दोन नंबर ठेवा, आशाताईंचा आणि १०२ चा, कारण बाळंतीण आणि तान्ह्या बाळाला दवाखान्यात नेण्या-आणण्याचं वाहन २०११ पासून मोफत आहे.

एक ओळ मात्र भरताना मी अडलो. बहीण आयटीत आहे, तिला सव्वीस आठवडे मिळतील. आमच्याच वाडीतली, दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जाणारी बाई बाळंत झाली तर तिला रजा देणारा मालकच नाही. लावणीचे दिवस पंधरवड्याचे, मजुरी बुडाली तर बुडाली. तिचं बाळ बांधावरच्या झोळीत असतं आणि पाच वर्षांची ताई झोका देत असते. १९२८ साली कायदेमंडळात जी वस्तू मागितली गेली ती तिच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. बारशाला काय न्यायचं असा प्रश्न पुढच्या वेळी पडला तर तिच्याकडे खुळखुळा नेऊ नका. लावणीच्या आठवड्यात तिच्या घरी दोन वेळचा डबा पोचवा, नाहीतर दुपारभर बाळ सांभाळा. ही वस्तू कुठल्याच ॲपवर मिळत नाही.